पिवळं पाणी

"पिवळं दिसतंय. म्हणजे रक्त विरघळायला लागलंय." आईच्या पाठीतून काढलेल्या पाण्याची नळी उजेडात धरून डॉक्टर म्हणाले.

मेंदू आणि पाठीच्या मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी एरवी नितळ असतं. त्यात रक्त उतरलं की तांबड्या पेशी फुटतात, भक्षक पेशी त्या गिळतात. हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन व्हायला साधारण १२ तास लागतात. तोच हा पिवळा रंग. मुका मार लागून काळंनिळं झालेलं कातडं शेवटी पिवळं पडतं ना, अगदी तसंच.

हे पाणी जेमतेम १५० मिलिलिटर, पण रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. तरी पिवळेपणा दोनेक आठवडे रेंगाळतो.

लहानपणी माझ्या गुडघ्यावरचा डाग पिवळा झाला की आई म्हणायची, "बघ, उतरतंय."

आज मी तेच तिच्या कानाशी म्हटलं. ती ग्लानीत होती. ऐकलं असेल का तिनं?