पेतेसूखोस की मार्सिसूखोस? एक पपायरस वाचतानाचा माझा अनुभव

मी ग्रीक पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या गरापासून केलेल्या प्राचीन कागदावरच्या ग्रीक लेखनावर, काम करते असं सांगितलं, की समोरच्याला प्लेटो, होमर किंवा हरवलेलं एखादं नाटक आठवतं. माझ्या वाट्याला आली ती गव्हाच्या कराची पावती. इ.स.च्या दुसऱ्या शतकातली, इजिप्तच्या फय्यूम भागातली, तळहाताएवढी, डावी कड फाटलेली. ती वाचून तिची संपादित आवृत्ती छापून येईपर्यंत काय काय करावं लागलं, ते लिहिते आहे. संस्कृत, पाली किंवा इतिहास शिकून या विषयाकडे वळावंसं वाटणारे आपल्याकडे थोडे का होईना आहेत, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो: म्हणजे नेमकं करायचं काय?

थोडी पार्श्वभूमी. अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३२ मध्ये इजिप्त घेतलं. त्यानंतर टॉलेमी राजे आले, इ.स.पू. ३० मध्ये रोमन आले, पण कचेरीची भाषा ग्रीकच राहिली, ती थेट सातव्या शतकातल्या अरब विजयानंतरही काही काळ. वाळवंटाच्या कोरड्या मातीत कागदपत्रं टिकली. ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज तरुणांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंकस या गावाचे उकिरडे उपसायला सुरुवात केली आणि तिथून लाखो तुकडे निघाले. त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. खंड अजून निघतच आहेत आणि न वाचलेले तुकडे संपायचं नाव नाही. त्यात साहित्य आहे, पण ढीग आहे तो पावत्या, करारनामे, अर्ज, हिशेब आणि घरगुती पत्रांचा. मला तो ढीगच जास्त आवडतो, हे आधीच सांगून टाकते.

पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं आणि पुढे जर्मनीत गेले. ग्रीक व्याकरणाचा मला बाऊ वाटला नाही. द्विवचन, आत्मनेपदासारखे प्रयोग, धातूंची रूपं, हे सगळं पाणिनीच्या कृपेनं ओळखीचं होतं. त्रास झाला तो जर्मन, फ्रेंच आणि इटालियनचा. या विषयातलं निम्मं लिखाण या तीन भाषांत आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. जर्मन बोलता यायला लागलं तरी शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन विद्वानाचं पानभर लांबीचं वाक्य वाचणं ही वेगळी शिक्षा आहे.

पहिल्या सत्रात आम्हाला थेऑन नावाच्या मुलाचं पत्र दिलं होतं. ऑक्सिरिंकसच्या पहिल्याच खंडात ते ११९ क्रमांकाला आहे. वडील त्याला न घेता शहरात गेले म्हणून पोरगं फुरंगटलंय. मला अलेक्झांड्रियाला नेलं नाहीस तर तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, आणि शेवटी जेवणार नाही, पाणी पिणार नाही अशी धमकी. शुद्धलेखनाच्या नावानं आनंदीआनंद. रोमन काळापर्यंत ग्रीक भाषेत ‘इ’सारखे ऐकू येणारे स्वर इतके झाले होते, की लिहिणारा कानाला येईल तसं लिहायचा. वर्गातली जर्मन मुलं वैतागली होती. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, अक्षरं एका हातासरशी ओढत नेतात आणि नेहमीच्या शब्दांची नुसती खूण करतात. तिथे डोळ्याला जी सवय लागली, ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडली. रोमन काळातल्या कारकुनी ग्रीक हस्ताक्षरात कप्पा, बीटा आणि कधी कधी ईटासुद्धा एकाच घाटाची दिसतात. त्यातलं कुठलं ते शब्दावरून ठरवायचं, आणि शब्द कुठला ते अक्षरावरून. हे गोल गोल फिरणं ज्याला सोसत नाही त्यानं शिलालेखांकडे जावं.

मग पावती हातात आली. हातात म्हणजे दोन काचांमध्ये, कडेनं पट्टी चिकटवलेली. तुकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकत घेतल्याची नोंद संग्रहाच्या वहीत होती. ती नोंद असणं फार महत्त्वाचं. कुठून आला हे सांगता येत नाही असा पपायरस हल्ली जबाबदार नियतकालिकं छापत नाहीत. २०१२ मध्ये ‘येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान’ म्हणून गाजलेला कॉप्टिक, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपातला, तुकडा बनावट निघाला, तेव्हापासून तर सगळेच जास्त सावध झालेत.

काचेवर आतून पांढुरकी धूळ धरली होती. ती धूळ नव्हे, पपायरसमधून बाहेर आलेला क्षार. खाली लव्हाळ्याच्या गराचे आडवे तंतू स्पष्ट दिसत होते आणि डाव्या बाजूला एक पातळ उभी रेघ होती, जिथे दोन ताव एकमेकांवर चिकटवलेले असतात तो सांधा. काजळीची शाई अजून काळीभोर. मी उत्साहानं वाचायला लागले, तर आमच्या मार्गदर्शक बाईंनी थांबवलं.

“वाचू नकोस. आधी काढ.”

म्हणजे शाईचा प्रत्येक ठिपका, प्रत्येक फराटा जसा दिसतो तसा पेन्सिलीनं कागदावर उतरवायचा. अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. कारण एकदा शब्द सुचला की डोळा त्याला हवी ती अक्षरं बघायला लागतो. बाईंकडे पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, मधोमध छोटी चौकोनी खिडकी कापलेला. तो पपायरसच्या छायाचित्रावर ठेवून त्या एकच अक्षर उघडं ठेवायच्या आणि विचारायच्या, “आता सांग, हे दुसरं काही असू शकतं?” असू शकत असेल तर त्या अक्षराखाली टिंब द्यायचं. आजूबाजूच्या अक्षरांवरून ते तेच आहे याची खात्री असली तरी टिंब द्यायचंच.

ही चिन्हांची पद्धत १९३१ मध्ये लायडन इथे ठरली. फाटून गेलेला मजकूर चौकोनी कंसात, लेखकानं वापरलेला संक्षेप फोडून लिहिला तर तो गोल कंसात, लेखकाच्या हातून राहिलेलं अक्षर टोकदार कंसात. सगळ्यांत मला टिंब आवडतं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा संपादकांपुढे ढिगानं पोथ्या होत्या, एकीत बिघडलेला पाठ दुसरीत शोधता यायचा. पावतीची दुसरी प्रत नसते. जे आहे ते एवढंच, त्यामुळे किती दिसलं आणि किती ओळखलं हे वेगळं दाखवणं भाग असतं.

सुदैवानं कारकून जगात सगळीकडे सारखेच. धान्याच्या कराची पावती ठरलेल्या साच्यात लिहिली जायची: सम्राटाचं अमुकावं वर्ष, महिना, तारीख, मी अमुक आणि माझे सहकारी, अमक्या गावचे सितोलोगोस, म्हणजे सरकारी कोठाराचे धान्य अधिकारी, चालू वर्षाच्या पिकातून सरकारी मापानं मोजून घेतलं, कुणाच्या नावे, गहू इतके आर्ताबा. आर्ताबा म्हणजे ढोबळमानानं ३९ लिटर. मापाचा उल्लेखही नेमका असतो, शीग काढून सपाट केलेलं सरकारी माप. त्या एका शब्दावर मी बराच वेळ रेंगाळले. माप शिगोशीग भरायचं की सपाट, यावरून शेतकरी आणि सरकार यांच्यात काय काय झालं असेल, ते आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायला नको.

साचा ठाऊक असला की फाटलेल्या कडेचं गणित मांडता येतं. तिसऱ्या ओळीत ‘मोजून घेतलं’ या अर्थाच्या क्रियापदाचा फक्त उत्तरार्ध उरला होता. पूर्वार्ध निश्चित असल्यामुळे त्या ओळीत किती अक्षरं गेली ते कळलं. मग इतर ओळींतही साधारण तेवढीच गेली असणार. यासाठी समांतर पावत्या शोधायच्या. इथे संगणकाचं ऋण मानायलाच हवं. ड्यूक विद्यापीठात १९८० च्या दशकात सुरू झालेली कागदपत्रांची संहिता आणि हायडेलबर्गची सूची आता एकत्र शोधता येतात. बहुतेक समांतर पावत्या कारानिस गावच्या निघाल्या. तिथे मिशिगन विद्यापीठानं १९२४ ते १९३५ मध्ये उत्खनन केलं होतं. तरीही प्रायसिग्के या जर्मन विद्वानाचा जुना जाडजूड कोश आणि त्याचा १९२२ चा नामकोश हे दोन ग्रंथ उघडल्याशिवाय माझं काम झालं नाही.

तारखेनं थोडी गंमत केली. सम्राट अँटोनिनस एवढं वाचता येत होतं, पण ते नाव एकापेक्षा जास्त सम्राट लावत होते. बिरुदावलीतल्या उरलेल्या अक्षरांवरून आणि हस्ताक्षराच्या वळणावरून अँटोनिनस पायस ठरला. इजिप्तमध्ये राज्यवर्ष २९ ऑगस्टला, थोथ महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलायचं. पायस गादीवर आला १० जुलै १३८ ला, म्हणून त्याचं पहिलं वर्ष दोन महिनेसुद्धा भरलं नाही. हे माहीत नसेल तर सगळ्या तारखा वर्षानं चुकतात. आमच्या पावतीवर दहावं वर्ष आणि पायनी महिना, म्हणजे इ.स. १४७ च्या मे अखेरपासून जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतचा काळ. कापणी आटोपून खळ्यावरचा गहू कोठारात यायचे दिवस. सगळं जुळत होतं.

अडलं ते नावावर. कर भरणाऱ्याच्या नावाचं शेपूट तेवढं उरलं होतं, ‘सूखोस’. सूखोस हा मगरीच्या रूपातला देव, फय्यूमचा आराध्य, त्यामुळे तिथे निम्म्या गावाच्या नावात तो सापडायचा. आधीची जागा साधारण चार-पाच अक्षरांची. पेतेसूखोस बसतं. मार्सिसूखोसही बसतं. दोन्ही नावं तिथे वापरात होती. फाटलेल्या कडेला, ‘सूखोस’च्या लगेच आधी, ओळीच्या तळाशी शाईचा एक कण होता. ग्रीकमध्ये ‘पेते’चं शेवटचं अक्षर एप्सिलॉन, त्याचं बूड गोलसर. ‘मार्सि’चं शेवटचं अक्षर आयोटा, ते सरळ उभं. म्हणजे सगळा निवाडा त्या कणाच्या आकारावर.

सूक्ष्मदर्शकाखाली तो कण मोहरीएवढा दिसायला लागला आणि तरीही काही बोलला नाही. अवरक्त छायाचित्र काढलं. काजळीची शाई त्यात उठून दिसते आणि डाग फिके पडतात. डाग फिके पडले. कण तसाच. एक तंतू सुटून वर आला होता आणि शाईची उजवी कड त्याच्याबरोबर गेली होती. सकाळी बघितलं की गोल वाटायचं, संध्याकाळी सरळ. पेतेसूखोस हे नाव जास्त आढळतं, म्हणून तेच छापावं असा मोह मला झाला आणि बाईंनी तो मोह शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “जास्त आढळतं म्हणून छापलंस, की पुढचा माणूस तुझी पावती मोजून म्हणणार, बघा, आणखी जास्त आढळतं.” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही चौकोनी कंसात मोकळी जागा सोडली, कणाच्या जागी नुसतं टिंब दिलं आणि दोन्ही शक्यता टीपेत मांडल्या.

समांतर पावत्यांपैकी एकीचं छायाचित्र दुसऱ्या एका संग्रहाकडून हवं होतं. त्यांचं उत्तर यायला इतके महिने लागले, की मधल्या काळात मी व्हिएन्नाला जाऊन आले. भारतातून आलेल्या प्रत्येकाला या विषयात एकच गोष्ट विचारतात, मुझिरिसचा पपायरस बघितलास का? बघितला. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात तो आहे, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला मलबार किनाऱ्यावरच्या मुझिरिसच्या व्यापाराशी जोडलेला कर्जाचा करार, दुसऱ्या बाजूला हेर्मापोल्लोन जहाजावरच्या मालाची किंमत, त्यात गंगेकडची जटामांसी आणि हस्तिदंत, एकूण ११५० टॅलंटहून जास्त; टॅलंट हे ग्रीक पैशाचं मोठं माप. थरारक आहे यात शंका नाही. पण परत येताना गाडीत डोक्यात घोळत होता तो आपलाच गहूवाला.

लेख पाठवल्यावर परीक्षकाचा अभिप्राय आला. बिनसहीचा आणि मुद्देसूद. नावाबद्दल संपादकानं भूमिका घ्यावी, असं त्यात होतं. आम्ही कळवलं, टिंब हीच भूमिका आहे. ते मान्य झालं. त्याच अभिप्रायात आर्ताबाच्या अपूर्णांकाच्या खुणेबद्दल एक सूचना होती, तीमुळे एक चोविसांशाचं चिन्ह पक्कं झालं. परीक्षकाचं नाव कळण्याची सोय नाही, नाहीतर आभार मानले असते.

लेख छापून आल्यावर काही दिवसांनी इटलीतल्या एका प्राध्यापकांची मेल आली. ओळख ना पाळख, तरी चार परिच्छेद. या क्षेत्रात अशी पत्रं येतात, लोक एकमेकांना वाचन सुचवतात आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. त्यांचं म्हणणं, त्याच गावच्या एका करयादीत एक मार्सिसूखोस त्याच सुमारास गहू भरतो, तेव्हा तोच असावा. मी यादी काढून पाहिली. मार्सिसूखोस होता. त्याच यादीत खाली पेतेसूखोसही होते, एक सोडून तिघे. तसं त्यांना कळवलं. त्यांनी उलट विचारलं की त्या तिघांपैकी कुणाची जमीन त्या कोठाराखाली येते ते पाहिलं का. ते पाहायचं काम सध्या चालू आहे, आणि त्यासाठी आणखी एका संग्रहाला छायाचित्र मागितलं आहे.