आमची वाटचाल : आकडा खाली आला त्या रात्रीपासून

"तुम्ही नक्की विकता काय?" असं कुणी विचारलं की मी आता सरळ सांगतो, आकडा विकतो. चिनी शिकणाऱ्याला अक्षरं किती येतात आणि शब्द किती येतात, एवढंच आमचं सॉफ्टवेअर सांगतं. चिनीत बहुतेक अक्षरांना स्वतःचा अर्थ असतो, आणि शब्द बहुधा अशी दोन अक्षरं जोडून होतो. हे दोन आकडे वेगळे असतात हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण दोन्हींची बेरीज करून मोकळे होणारे अजूनही आहेत.

सुरुवात मी आणि भागीदाराने केली. तो प्रोग्राम लिहायचा, मी चिनी शिकायचो आणि अडायचो. माझी कार्डं बुटांच्या खोक्यात असत. पुढे अक्षर, मागे उच्चार आणि अर्थ, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. चुकलं की तारखेखाली रेघ, तीन रेघा झाल्या की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. एकदा मोजली तर ७१२ भरली. भागीदार म्हणाला, "म्हणजे तुला ७१२ येतात?" मी म्हटलं, "नाही रे, खोक्यात ७१२ आहेत." आमची कंपनी तिथे सुरू झाली.

पहिल्या आवृत्तीत ग्राहकाने वाचलेला मजकूर टाकायचा आणि प्रोग्रामने त्याचे शब्द पाडायचे. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हे कोशावरून ठरवावं लागतं. कोश आम्ही सीसी-सीडिक्ट घेतला, मोफत आणि लाखाहून अधिक नोंदींचा. पद्धत नेहमीची : जुळणारा सगळ्यात लांब शब्द आधी उचलायचा. वेगवान, पण दगाबाज. 'येनच्यू शंगमिंग', म्हणजे जीवनाचा अभ्यास करणं, यातल्या चार चिनी अक्षरांपैकी पहिली तीन उचलून ही पद्धत 'येनच्यूशंग', म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, तयार करते आणि बिचारं 'मिंग' एकटंच लोंबकळत ठेवते. त्या विद्यार्थ्याला यादीतून हाकलायला आम्हाला सहा महिने लागले.

याहून मोठा घोळ मात्र आमचाच. दोन्ही अक्षरं येत असतील तर त्यांचा शब्दही येतो, असं आम्ही धरून चाललो होतो. 'मा' म्हणजे घोडा, 'शांग' म्हणजे वर. पण 'माशांग' म्हणजे ताबडतोब! 'तोंग' पूर्व, 'शी' पश्चिम, आणि 'तोंगशी' म्हणजे वस्तू. असले शेकडो शब्द आम्ही लोकांच्या नावावर फुकट चढवत होतो, आणि लोक खूश होते.

खूश नव्हते ते फक्त काका. आमचे पहिले पैसे भरणारे ग्राहक, निवृत्तीनंतर चिनी शिकायला घेतलेले. त्यांनी लिहिलं, "माझ्या नावावर ४,१०० शब्द दिसतात. त्यातले पन्नास चिठ्ठ्या टाकून काढले आणि स्वतःची परीक्षा घेतली. एकोणतीस आले. बाकीचे कुणाचे?" मी हिशेब केला, २,३७८. मग भागीदाराशी भांडून मोजणी दुरुस्त केली. काकांचा नवा आकडा आला २,४१२. पन्नास चिठ्ठ्यांवर इतका जवळ!

बदल रात्री टाकला. सकाळी उठलो तर टपाल शिव्यांनी भरलेलं. रात्रीतून हजार-दीड हजार शब्द गेले म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? एका मोठ्या कंपनीने, नाव घेत नाही, ती वेळ बरोबर साधली. त्यांच्याकडे शब्द एकदा नजरेखालून गेला की 'येतो', वर घंटी वाजते, आणि आकडा कधी घटतच नाही. आमचे निम्मे ग्राहक तिकडे गेले. त्यातून सावरतोय तोच मार्च २०२१ मध्ये एचएसकेचं, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या चीनच्या अधिकृत चिनी परीक्षेचं, नवं मानक जाहीर झालं. सहा पातळ्या आणि ५,००० शब्दांच्या जागी नऊ पातळ्या, ३,००० अक्षरं आणि ११,०९२ शब्द. पहिली पातळी १५० शब्दांची होती, ती ५०० ची झाली. आमचा अख्खा पडदा जुन्या पायऱ्यांवर बांधलेला. भागीदार म्हणाला, "लोक पैसे देतात ते बरं वाटावं म्हणून. तू त्यांना वाईट वाटायला लावतोस." महिनाअखेरीस त्याने नोकरी धरली. राग नाही. पण त्याचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

काकांनी पाच वर्षांचे पैसे एकदम भरले आणि सोबत एक सूचना केली : चिठ्ठ्याच विका. मग आम्ही वारंवारतेच्या यादीचे, म्हणजे जास्त वापरातले शब्द आधी लावलेल्या यादीचे, पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यातून वीस शब्द विचारायला लागलो. मध्येच काही खोटे शब्दही घातले, दोन खरी अक्षरं पण कोशात नसलेली जोडी. त्याला 'येतो' म्हणणाऱ्याचा आकडा आपोआप कापला जातो. वर्षभरात त्या मोठ्या कंपनीकडेही 'खोटे शब्द' आले. त्यांच्या यादीत माझी एक टायपिंगची चूक जशीच्या तशी आहे. मी काही बोललो नाही, स्क्रीनशॉट ठेवलाय.

त्यानंतर धंदा नीट चाललाय, सांगण्यासारखं काही नाही.

शिकणाऱ्यांना मात्र सांगतो, आकडा रोज बघू नका, तीन महिन्यांतून एकदा बघा. ओळखता येणं आणि लिहिता येणं वेगळं मोजा. पेन उचललं की अक्षर आठवत नाही, ही तक्रार खुद्द चिनी माणसांचीही आहे आणि तिला त्यांच्याकडे वाक्प्रचारसुद्धा आहे. 'शिंग' आणि 'हांग' हे एकाच अक्षराचे दोन उच्चार, एक येत असेल तर अर्धंच धरा. आणि हजार अक्षरं आली म्हणून मिरवू नका. हजारात साधारण नव्वद टक्के मजकूर ओळखीचा दिसतो खरा, पण बातमी कशाची आहे ते नेमकं उरलेल्या दहा टक्क्यांत असतं.

परवा काकांचा मेल आला. त्यांचा आकडा चौदाने उतरलाय. खाली एकच ओळ होती : "कोणते चौदा?" मी यादी पाठवली.