600 हेलपाटे आणि एक चकती

निमित्त क्लचप्लेटचं झालं, पण क्लचप्लेटबद्दल मला फारसं सांगायचं नाही. सांगायचंय ते बोल्ट बोटांनी फिरवायच्या एका चकतीबद्दल. कात्रजच्या चढावर माझी जुनी स्प्लेंडर नुसती ओरडायला लागली आणि पुढे सरकेना, तेव्हा प्लेटा संपल्याचं कळलं. जोडून तीन-चार सुट्ट्या होत्या. म्हटलं, गॅरेजला कशाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपणच उघडू. हौस, दुसरं काय.

घरात पाव इंची गोटी सेट होता. गोटी म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारा सॉकेट पाना. ऑइल काढलं, किक काढली, उजव्या कव्हरच्या बोल्टांना गोटी लावली. बोल्ट 6 मिलिमीटरचे, डोकं 8 चं. एकेक झटका दिला आणि सगळे 'टक' करून सुटले. झालंच की काम, असं वाटलं. खरा वेळ गेला तो तिथून पुढे.

6 च्या साध्या बोल्टाचा आटा एका फेऱ्यात 1 मिलिमीटर सरकतो. आत 25 मिलिमीटर आटा असला तर फेरे झाले 25. मोकळ्या जागेत त्याचं काही वाटत नाही. पण खालच्या बोल्टांच्या तोंडाशीच ब्रेकचं पेडल. तिथे रॅचेटची, म्हणजे गोटी एकाच दिशेने फिरवणाऱ्या पान्ह्याची, दांडी जेमतेम 20 अंश हलत होती. माझं रॅचेट 24 दात्यांचं, म्हणजे दाता 15 अंशांचा. एका हेलपाट्यात एकच दाता. एका फेऱ्याला 24 हेलपाटे, एका बोल्टाला 600! तिथेच बसून मोबाइलवर 72 दात्यांच्या रॅचेटची किंमत बघितली. मग हिशोब केला. 5 अंशांचा दाता, 20 अंशांत चार दाते, फेऱ्याला 18 हेलपाटे, बोल्टाला 450. मोबाइल खिशात ठेवला.

बरं, बोल्ट सैल झाल्यावर वेगळीच तऱ्हा. रॅचेटच्या आत एक कुत्रा, म्हणजे दात्यांत अडकणारा खटका असतो, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच. दांडी मागे नेताना तो दात्यांवरून घसरतो आणि थोडा ओढतो. बोल्ट घट्ट असेपर्यंत या ओढीचं काही चालत नाही. बोल्ट मोकळा झाला की त्याच्या आट्यातली पकड या ओढीपेक्षा कमी पडते, आणि गोटी दांडीबरोबर मागे येते. पुढे नेलेलं सगळं परत. मी पंधरा मिनिटं इमानेइतबारे बोल्ट पुढे-मागे हलवत बसलो होतो.

मग दांडी काढून ठेवली आणि नुसती गोटी बोटांत धरून फिरवली. 8 ची गोटी बाहेरून फार तर 12 मिलिमीटर, गुळगुळीत, त्यात हात ऑइलचे. चौथ्या बोल्टाला अंगठा भरून आला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गोटीवर गुंडाळली, तर पहिले दोन बोल्ट लोण्यासारखे आले. पण रबर आणि इंजिन ऑइल यांचं जमत नाही. पट्टी फुगली, सैल झाली आणि गोटीवरच गरगर फिरू लागली. कसंबसं कव्हर निघालं. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचले, कारण त्यांच्या लांब्या सारख्या नसतात. प्लेटा बदलल्या. पण हे सगळे फेरे आता उलट दिशेने परत मारायचे, या विचारानेच हात गळाले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रविवार पेठेत हत्यारांच्या दुकानांची बोहरी आळी गाठली. मला हवी होती रॅचेट आणि गोटीच्या मध्ये बसणारी चकती: कडेला खरबरीत, एका बाजूला चौकोनी खाच, दुसऱ्या बाजूला चौकोनी टोक. दांडी स्थिर धरायची आणि चकती बोटाने फिरवायची. किंवा दांडी मागे नेताना चकती दोन बोटांनी धरून ठेवायची, म्हणजे बोल्ट मागे येत नाही. दुकानदाराला हे हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, नाव सांगा ना वस्तूचं." नाव मला तरी कुठे येत होतं? शेवटी त्याने स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ असलेला पाव इंची हँडल दिला. वस्तू उत्तम, वरचे बोल्ट त्याने भराभर झाले असते. खालच्यांना मात्र मूठ पेडलवर आपटणार हे तिथेच कळत होतं. तरी घेतला. बोहरी आळीतून रिकाम्या हाताने परत येणं मला अजून जमलेलं नाही.

चकती शेवटी ऑनलाइन मागवली. पाच दिवसांनी आली, सुरेख होती, आणि तीन सुताची निघाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि माझा सेट दोन सुताचा. चूक सर्वस्वी माझी. वर्णनात 3/8 स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. इकडे पार्किंगमध्ये गाडी पोट उघडं टाकून पडलेली. येणारा-जाणारा "अजून चालूच का?" असं विचारून पुढे जात होता.

भोसरी एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत, मी त्यांना काका म्हणतो. पहिल्यांदा गेलो तो गुरुवार निघाला, म्हणजे भोसरीची सुट्टी. पुण्यात इतकी वर्षं काढून ही चूक करणाऱ्याने क्लच उघडू नये. शुक्रवारी परत गेलो. कागदावर काढलेली चकती बघून काका हसले.

"अहो, लेथवर गोल भोक पडतं. चौकोनी पाडायला ब्रोच नाहीतर स्लॉटिंग लागेल. एका नगासाठी कोण करतंय?"

मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "एक्स्टेन्शन आणलंय का? चौकोन त्याला आहेच की. आपण त्यावर कडं चढवू."

इतकं साधं होतं ते. एक्स्टेन्शन म्हणजे रॅचेट आणि गोटीच्या मध्ये लावायचा लांबी वाढवणारा तुकडा. 3 इंची एक्स्टेन्शनची दांडी गोलच असते. ॲल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये धरला, 30 मिलिमीटरला बाहेरून कातला, दांडीच्या मापाचं भोक पाडलं, कडेला नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरबरीत नक्षी केली. नर्लिंगचं चाक धातू कापत नाही, दाबून वर उठवतं, त्यामुळे माप किंचित वाढतं. काकांनी ते धरूनच कातलं होतं. आडवा एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू बसवला. पंधरा मिनिटांचं काम, त्यातली दहा मिनिटं चहा.

घरी येऊन बघतो तर कडं दांडीवर घसरतंय. क्रोमचा पृष्ठभाग कडक, ग्रब स्क्रूला पकड मिळेना. कानस त्यावर नुसती सरकली. शेवटी शेजारच्यांकडून ग्राइंडर आणून दांडीवर छोटासा सपाट भाग घासला आणि स्क्रू त्यावर टेकवला. नर्लिंगचे काटे बोटांना बोचत होते, त्यांच्यावरून पॉलिश पेपर फिरवला.

जुनं पॅकिंग खरवडून नवीन लावलं आणि बोल्ट बसवायला घेतले. बोटांची पकड 12 वरून 30 मिलिमीटरवर गेली की तेवढ्याच जोरात अडीचपट पीळ मिळतो. बोल्ट सरसर आत जात होते. पण वेगापेक्षा मला आवडलं ते वेगळंच. कव्हरचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यात बसतो. आधी तो उलटा फिरवायचा. आट्याच्या तोंडाशी आला की 'टक' करून किंचित खाली पडतो, मग सुलटा. हे बोटांना कळतं, दांडीला कळत नाही. तिसरा बोल्ट दोन फेऱ्यांनंतर अडला. हातात दांडी असती तर मी ती दाबली असती. मागे एका स्कूटरचा आटा मी असाच मारला होता. इथे बोटं आपोआप थांबली. बोल्ट काढला तर भोकात जुन्या पॅकिंगचा तुकडा. तो टोकरून काढला आणि बोल्ट खाली उतरला.

सगळे बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत घेतले, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत टॉर्क पान्ह्याने 10 न्यूटन-मीटरवर आवळले. दुसऱ्या दिवशी कात्रजचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो.

तीन सुताची ती चकती परत करायची राहूनच गेली. मुलीने तिच्या खाचेत कागद गुंडाळलेली पेन्सिल खुपसून भोवरा केलाय. चौकोनी टोकावरही बऱ्यापैकी फिरतो.