हेल्मेटवरचा पांढरा ठिपका

आमच्या पेंटिंग क्लासला स्टिल लाईफ म्हटलं की फळं, बाटल्या, फुलदाणी हेच चालतं, त्याचा मलाच कंटाळा आलेला. म्हणून त्या दिवशी मिलिटरीचं सामान मांडलं. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन एम-वन हेल्मेट (हे मॉडेल 1941 चं), कापडी कव्हरची पाण्याची बाटली, पितळी बकलचा बेल्ट, मागे जाड लोकरी कोट आणि पुढे जुने बूट, त्यातला एक मुद्दाम आडवा पाडलेला, लेस सुटलेली. लाईट डावीकडून एकच.

ट्यूबमधला हिरवा वापरायचा नाही असं आधीच सांगितलं. लेमन यलोत आयव्हरी ब्लॅक घातला की मस्त ऑलिव्ह येतो, वर किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळ्यातून हिरवा निघतो हे बघून नवीन मुलं जाम खूश होतात. पण मग जवळजवळ सगळ्यांनी हेल्मेटच्या डोक्यावर पांढराशुभ्र ठिपका ठेवला, कारण लोखंड म्हणजे चमक हे डोक्यात फिट्ट, समोर काय दिसतंय ते कोण बघतो! अरे त्या हेल्मेटच्या रंगात कॉर्कचा चुरा मिसळायचे, उन्हात चमकून शत्रूला दिसू नये म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश ब्रॉडी हेल्मेटलाही असाच वाळू नाहीतर भुसा घालून खरखरीत रंग द्यायचे. त्यामुळे उजेड एका जागी साचत नाही, पसरतो, हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावलीच्या मधला टोन, खूप रुंद मिळतो. डोळे बारीक करून बघा म्हटलं तेव्हा कुठे पटलं.

आर्मीतून रिटायर झालेल्या एका काकांच्या कागदावर मात्र ठिपका नव्हताच. "चमकलं तर काय उपयोग मॅडम त्याचा?" एवढंच बोलले. पण त्यांचे बूट बघते तर दोन्ही ताठ उभे, लेस बांधलेली!

"काका, एक बूट आडवा आहे ना समोर?"

"दिसतंय हो, हात ऐकत नाही."

म्हटलं बूट विसरा, दोन बुटांच्या मधे जी रिकामी जागा दिसतेय ना तिचा आकार काढा फक्त. एक वेडावाकडा त्रिकोण होता, तो त्यांनी नीट मोजून काढला आणि बूट आपोआप आडवा झाला, स्वतःच हसले. मला हा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, प्रपोर्शनच्या भाषणांपेक्षा तर नक्कीच.

पण खरी गंमत ब्रेकनंतर. येऊन बघतो तर आडवा बूट उभा आणि लेसची टापटीप गाठ! अर्धवट चित्रं घेऊन सगळे ओरडायला लागले आणि काका कोपऱ्यात उभे, "अहो जाता जाता हात गेला, सवय." टेबलावर खडूच्या खुणा होत्या म्हणून बूट जागेवर आला, पण लेस काही केल्या पहिल्यासारखी पडेना, फोनमधला फोटो बघून चार जणांनी खटपट केली, शेवटी ज्याने त्याने आपापल्या मनाने काढली.