लाइपझिगमधली सोमवारची प्रार्थना

कोल्हापूरहून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाचाही फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो: "तिकडं युरोपात चर्च ओस पडलीत म्हणे, खरं का?" मी लाइपझिगला, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीत, नर्स आहे. इथल्यापुरतं बोलायचं तर हो, बऱ्याच अंशी खरं आहे. बहुतेकांचा कुठल्याच चर्चशी संबंध उरलेला नाही. चाळीस वर्षांच्या कम्युनिस्ट राजवटीत ख्रिस्ती विश्वासात वाढलेल्या मुलांना शिक्षणात अडवलं जायचं, त्याचा परिणाम अजून दिसतो.

पण याच शहरात निकोलाय चर्च आहे, आणि तिथं दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होते. १९८२ पासून. तिची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

सुरुवातीला या प्रार्थनेला मोजकी माणसं यायची. पाळक क्रिस्टियान फ्यूरर यांनी दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं, विश्वास नसलेल्यांसाठीसुद्धा. १९८९ साल उजाडलं, लोकांचा असंतोष वाढत गेला आणि प्रार्थनेनंतर माणसं रस्त्यावर चालू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधल्या तिआनानमेन चौकात निदर्शकांवर रणगाडे घातले गेले होते. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी इथंही तसंच होणार, अशी धास्ती होती. शहरातल्या रुग्णालयांना जादा रक्त आणि खाटा तयार ठेवायला सांगितलं होतं. नर्स म्हणून हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण अशी सूचना वॉर्डात आली की तिचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी सत्ताधारी पक्षानं आपली शेकडो माणसं दुपारपासूनच चर्चच्या बाकांवर बसवली होती. त्यांनाही येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं: शत्रूवर प्रीती करा, शांती करणारे ते धन्य. संध्याकाळी सुमारे ७०,००० लोक शहरातून चालले. फ्यूरर पुढं सांगायचे की मेणबत्ती न्यायची तर दोन्ही हात लागतात, एक धरायला आणि दुसरा वाऱ्यापासून ज्योत जपायला. दगडाला हात उरतच नाही. गोळी सुटली नाही. महिन्याभरानं, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

भिंत प्रार्थनेनं पडली, असं मी सरसकट म्हणणार नाही. मॉस्कोतलं बदललेलं धोरण होतं, हंगेरीची उघडलेली सीमा होती, खंगलेली अर्थव्यवस्था होती. पण पोटात गोळा आलेली माणसं त्या संध्याकाळी दाराबाहेर पाऊल टाकू शकली, दगड न उचलता, याचं कारण आत काय झालं त्यात आहे असं मला ठामपणे वाटतं.

हे मला नुसतं इतिहास म्हणून भिडलं नाही. पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं तेव्हा मला रजा मिळाली नाही. अशा वेळी नर्स असणं कठीण जातं, कारण काय काय बिघडू शकतं याची यादी डोक्यात तयार असते. मी त्या सोमवारी निकोलायला गेले. उन्हाळ्यात इथले पाच म्हणजे तिकडचे साडेआठ. त्याच वेळी घरी आई आणि काकू कौटुंबिक प्रार्थनेला बसल्या होत्या. पप्पा वाचतीलच असा आवाज मला काही आला नाही. भीती होती तशीच होती, पण ती एकटीनं वाहावी लागत नव्हती. रात्रपाळीला मी शांतपणे उभी राहिले आणि माझ्या पेशंटकडं नीट लक्ष देऊ शकले. पप्पा बरे झाले, सर्जनच्या कौशल्यामुळं आणि देवाच्या दयेनं. ही दोन कारणं एकमेकांना खोडत नाहीत.

वॉर्डातली एक सहकारी मला विचारते, "तू विज्ञान शिकलीस, मग प्रार्थना कशी करतेस?" ती खरंच जाणून घ्यायला विचारते, म्हणून मीही विचार करून सांगते. प्रेषित पौलानं बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र लिहिलं ते ख्रिस्ताच्या वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत. पुनरुत्थित प्रभूला पाहिलेल्यांपैकी बरेचजण अजून हयात आहेत, असं तो त्यात लिहितो. म्हणजे ज्याला शंका असेल त्यानं जाऊन विचारावं. शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कुणी गोष्ट रचली असती तर अशा साक्षीदार निवडल्या नसत्या. दार लावून बसलेले शिष्य पुढं त्याच यरुशलेमेत उघड बोलू लागले. हे गणितासारखं सिद्ध होत नाही, पण याला मी आंधळा विश्वासही म्हणू शकत नाही.

परक्या मुलखात जाण्याचं धाडस आपल्या मंडळीला नवं नाही. १८५२ साली कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर पहिल्यांदा भारतात उतरले तेव्हा त्यांनाही भाषा, हवा, माणसं सगळं परकंच होतं. आता आपल्याकडची मुलं उलट्या दिशेनं निघाली आहेत. त्यांना मी एवढंच सांगते की विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच एखादी मंडळी शोधा. उपदेशातलं अक्षर कळलं नाही तरी चालेल. प्रभूची प्रार्थना कधी चालली आहे ते सुरावरून कळतं, आणि तुम्ही ती मराठीत म्हणा.

तरुणसंघातल्या एका मुलीनं मला विचारलंय, "ताई, मनात शंका असताना प्रार्थना केली तर ती खोटी होते का?" तिनं मार्कचा नववा अध्याय काढावा. तिथं आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच दमात. येशूनं त्याला आधी शंका संपवून ये असं सांगितलं नाही. त्यानं मुलाला बरं केलं.