मामा व्हायच्या आधी डांग्या खोकल्याची लस घेतली, त्याचा अनुभव

ताईचं पहिलं बाळंतपण म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडे नाशिकला आली. तिच्या गायनॅकने तिला टीडॅपचं इंजेक्शन दिलं (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला, तिन्हींची मोठ्यांसाठीची एकत्र लस; आईच्या अँटिबॉडीज नाळेतून बाळाला मिळतात म्हणून साधारण २७ ते ३६ आठवड्यांत देतात) आणि जाता जाता सांगितलं की बाळाला जे जे उचलणार त्यांनी पण घेऊन टाका, बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. आई लगेच म्हणाली याला काय गरज, याचे सगळे डोस मी स्वतः कडेवर नेऊन दिलेत.

मग कपाटातून माझं कार्ड निघालं. आईचं बरोबरच होतं, एकही डोस चुकलेला नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना डीपीटी, दीड वर्षाला बूस्टर आणि पाचव्या वर्षी... डीटी. मधला पी गायब, आणि तो पी म्हणजेच पर्ट्युसिस, डांग्या खोकला. माझ्या लहानपणी सरकारी वेळापत्रकात पाचव्या वर्षाला डीटीच होती, तिथे डीपीटी नंतर आली. पुढे दहाव्या-सोळाव्या वर्षी टीटी, ती फक्त धनुर्वाताची. म्हणजे मी आता सत्तावीसचा आणि डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस दीड वर्षाचा असताना. या लसीचं संरक्षण साधारण ४ ते १२ वर्षं टिकतं, हिशोब तुम्हीच करा. आणि हा खोकला एकदा होऊन गेला तरी जन्मभराची सुटका नाही, तेही संरक्षण ओसरतं.

त्यानंतर लस शोधणं, यात खरा वेळ गेला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "अरे मागच्या वर्षी बाईकवरून पडलास तेव्हा टीटी दिली होती की." सरकारी दवाखान्यात टीडी मिळते, त्यात घटसर्प आहे पण डांग्या नाही. मेडिकलवाल्याने आधी टीटीच काढून पुढे ठेवली, मग चिठ्ठी नीट वाचून म्हणाला ही मागवावी लागेल. मोठ्या माणसांना लस हवी असेल तर जायचं कुठे हे आपल्याकडे कोणालाच धड माहीत नसतं, कुत्रा चावला किंवा लोखंड लागलं तेवढंच आपलं लसीकरण.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांच्या फ्रिजमध्ये होती. रिसेप्शनवर विचारलं, बाळाचं नाव? म्हटलं बाळ मीच.

डॉक्टर मात्र एकदम छान बोलले. मी विचारलं रक्त तपासून बघू का आधी, अँटिबॉडी असतील तर पैसे वाचतील, तर म्हणाले उपयोग नाही, किती अँटिबॉडी असल्या म्हणजे माणूस सेफ असा आकडाच डांग्यासाठी ठरलेला नाही. आणि तुमच्या वयात तो 'हूप' असा ओढल्याचा आवाज येईलच असं नाही, नुसता खोकला आठवडेच्या आठवडे चालतो, लोक धूळ, एसी, अ‍ॅलर्जी म्हणून सिरप पीत बसतात. पहिला आठवडा-दोन आठवडे तर साधी सर्दीच वाटते आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. बाळाचा स्वतःचा पहिला डोस दीड महिन्याला, तोपर्यंत त्याच्याकडे आईकडून आलेलं तेवढंच. तान्ह्या बाळाला तर कधी कधी खोकलाही येत नाही, थेट श्वास थांबतो, निळं पडतं. हे ऐकल्यावर मी गप हात पुढे केला.

हजाराच्या वर गेले. दंड दोन दिवस ठणकला, बाकी ताप वगैरे काही नाही. कार्डवर तारीख लिहून घेतली, पुढचा बूस्टर दहा वर्षांनी. नंतर आईबाबांनाही घेऊन गेलो, भाऊजींचं अजून बाकी आहे, ते दर शनिवारी या शनिवारी नक्की म्हणतात.

राहता राहिलं बारसं. बाराव्या दिवशी घरभर पाहुणे, प्रत्येकाला बाळ मांडीवर हवं, एवढ्या सगळ्यांना काही लस टोचता येणार नाही. म्हणून ताईने फर्मान काढलंय, ज्याला खोकला त्याने बाळ लांबूनच बघायचं. आमची आत्या वर्षातले आठ महिने खोकत असते. तिला हे कोण सांगणार यावर चर्चा चालू आहे आणि सगळे माझ्याकडेच बघतायत.