आयटम चार

माझी सगळी नोकरी करस्पॉन्डंट बँकिंगमध्ये गेली. मुंबई, दुबई आणि शेवटची वर्षं लंडन. लहान बँकेचं न्यूयॉर्कला ऑफिस नसतं. ती तिथल्या मोठ्या बँकेत नॉस्ट्रो खातं ठेवते आणि तिच्या ग्राहकाचे डॉलर त्या खात्यातून फिरतात. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका आरोग्य न्यासाची विश्वस्त झाले, तेव्हा तिथेही हेच चाललेलं दिसलं. परदेशी देणगी आमच्याकडे यायची आणि आम्ही ती चार लहान संस्थांना पुढे द्यायचो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्याखालची नोंदणी त्यांचीही होती, पण परदेशी दात्याला हवे तसे इंग्रजी अहवाल लिहिणारं माणूस नव्हतं. त्यातली नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावची संस्था सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आणि पाठपुरावा करायची. तिच्या कार्यकारी मंडळावर गावातल्याच बायका होत्या.

एफसीआरए दुरुस्ती विधेयक २० सप्टेंबर २०२० ला लोकसभेत मांडलं गेलं आणि २९ तारखेला कायदा लागूसुद्धा झाला. ऑक्टोबरात आमची बैठक झाली, अर्थात ऑनलाइन. अजेंड्यावर आयटम चार होता, चारही संस्थांचा दुसरा हप्ता. सीए म्हणाले, "मॅडम, नवं कलम सात बघा. आता नोंदणीकृत संस्थेलाही परदेशी पैसा पुढे देता येणार नाही." एक ज्येष्ठ विश्वस्त लगेच म्हणाले, "मग विषयच संपला. पुढचा आयटम घ्या."

गृहस्थ सज्जन आहेत, दर वर्षी पदरचे पैसे देतात. पण विश्वस्त मंडळांची हीच सवय मला सहन होत नाही. कायदा आडवा आला की खरं काम तिथून सुरू होतं. मी आयटम सोडू दिला नाही.

दात्याला थेट धडगावला पैसे द्यायला सांगावं, तर एवढ्या लहान रकमेसाठी नव्या संस्थेची छाननी त्यांना परवडत नव्हती. शिवाय परदेशी पैसा स्वीकारायला स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत खातं बंधनकारक झालं होतं. उरला एकच मार्ग, त्यांच्या कार्यकर्त्यांना आमच्या पगारपत्रकावर घेणं. इथे दुसरी अडचण उभी राहिली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली होती. प्रशासकीय काय आणि काय नाही, हे नियम पाच सांगतो. दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत. ऑफिसचं भाडं, वीज, फोन, हिशेब ठेवणं हे सगळं धरतात. मग पाड्यापाड्यांवर जाऊन रक्ताचे नमुने घेणारी आणि संध्याकाळी रजिस्टर भरणारी मुलगी कशात बसवायची? सीए आणि मी एकेका व्यक्तीचं काम लिहून काढलं, कोणाचा किती वेळ कशात जातो ते मांडलं. त्या तक्त्याचा मला अभिमान आहे. नंतर कोणत्याही तपासणीत त्यावर बोट ठेवता आलेलं नाही.

गैरवापर थांबवणं आणि पारदर्शकता आणणं, ही सरकारने दिलेली कारणं मला परकी नाहीत. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेने सोमालियाला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी लंडनमध्येच होते. तेव्हाही कारण काळ्या पैशाच्या धोक्याचंच होतं. पैसा कोणाकोणाच्या हातून गेला हे तपासायला माणसं लागतात, वेळ लागतो. मधली कडीच काढून टाकणं स्वस्त पडतं, आणि नुकसान साखळीच्या टोकाला असलेल्यांचं होतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायदेशीर वाद माझ्यापुरता तिथे मिटला.

धडगावच्या अध्यक्षाताईंना फोन मीच केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पोरींचा पगार चालू राहील ना?" राहील म्हणाले, आणि राहिला. तपासण्या चालू आहेत, गोळ्या पोचतात, आमच्या वार्षिक अहवालात आकडे चांगले दिसतात. पण आधी कोणत्या पाड्यावर कधी जायचं, कोणाला कामावर घ्यायचं, हे त्या बायका बैठकीत ठरवायच्या, भांडायच्या, सह्या करायच्या. आता ते पुण्यात आम्ही ठरवतो. पैसे नसल्याने त्यांच्या बैठकीत ठरवण्यासारखं काही उरलं नाही, आणि बैठका बंद पडल्या. त्यांच्या मंडळासाठी देशातली देणगी उभी करावी, असा प्रस्ताव मी आमच्या मंडळापुढे पुन्हा ठेवला आहे. थोडीच रक्कम, पण खर्च कसा करायचा हे त्यांनी ठरवायचं. "काम तर होतंय ना?" असं मला विचारतात.